एक खोली, चार एम.टेक.चे विद्यार्थी आणि सुरक्षा-संशोधन: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक आणि नेटवर्क सुरक्षेवर संशोधन गट उभा करायचा आहे. दोन प्राध्यापक, पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी, एम.टेक.चे चार विद्यार्थी आणि एक खोली एवढं हाताशी आहे. विद्यार्थी एनएसएल-केडीडी या डेटासेटवर घुसखोरी ओळखणारी मॉडेल्स बांधतात, अचूकता ९९ टक्क्यांपर्यंत येते, तरी चांगल्या परिषदांकडून शोधनिबंध परत येतात. कोणती उपकरणं घ्यावीत आणि विषय कोणता धरावा?

आधी ते ९९ टक्के बघू, कारण खरं दुखणं तिथे आहे. उपकरणांचं नंतर. एनएसएल-केडीडी ज्यातून निघाला तो केडीडी कप ९९ हा संच १९९८ साली एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेसाठी तयार केलेल्या कृत्रिम वाहतुकीतून आला. त्यातल्या प्रशिक्षणाच्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या सुमारे ७५ टक्के नोंदी निव्वळ पुनरावृत्ती होत्या. २००९ साली त्या गाळून एनएसएल-केडीडी झाला. पुनरावृत्ती गेली, पण वाहतूक १९९८चीच राहिली. त्यात स्मार्टफोन नाहीत, क्लाउड नाही, आजच्यासारखं बहुतांश एन्क्रिप्ट झालेलं वेब नाही. याच मालिकेतल्या १९९९च्या संचात तर असं आढळलं की पॅकेटच्या हेडरमध्ये टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) १२६ किंवा २५३ असेल तर ते पॅकेट हल्ल्याचं. नेहमीच्या वाहतुकीत तो आकडा बहुतेक १२७ किंवा २५४. टीटीएल प्रत्येक राउटरला एकाने घटतो, म्हणजे यंत्रं जाळ्यात कुठे जोडली होती एवढंच या फरकातून कळतं. मॉडेलला यातून हल्ला कळत नाही, प्रयोगशाळेची मांडणी पाठ होते. समीक्षकांना हे ठाऊक असतं, म्हणून डेटासेटचं नाव वाचूनच त्यांचं मत अर्धं बनतं.

दुसरी अडचण गणिताची आहे. समजा जाळ्यात दिवसाला १० लाख फ्लो (दोन यंत्रांमधले एकेक संवाद) आहेत आणि त्यांतले १०० हल्ल्याचे. मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि निरुपद्रवी फ्लोंपैकी फक्त १ टक्क्यावर खोटी हाक देतं. ९९ हल्ले सापडले, पण जवळजवळ १०,००० खोट्या हाकाही आल्या. म्हणजे शंभर हाकांमागे खरी एक. जाळं सांभाळणारा माणूस तिसऱ्या दिवशी ती खिडकी बंद करून टाकेल. म्हणून निबंधात अचूकतेचा एकच आकडा देऊ नका. दिवसाला किती खोट्या हाका येतात ते द्या, आणि खोट्या हाकांचं प्रमाण ०.०१ टक्क्यापर्यंत खाली आणल्यावर किती हल्ले सुटतात तेही द्या. आणखी एक: प्रशिक्षण आणि चाचणी यांची विभागणी नोंदी पिसून करू नका, तारखेने करा. पिसल्यावर एकाच हल्ल्याचे फ्लो दोन्हीकडे जातात आणि मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दिसते.

आता विषय. पुण्यात बसून काय अभ्यासायचं हे ठरवताना आजूबाजूला काय आहे ते आधी बघा. चाकण, तळेगाव, भोसरी, पिंपरीत गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनतात. वाहनांवर संशोधन आणि त्यांच्या चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. वाहनांच्या सायबर सुरक्षा व्यवस्थापनासाठी एआयएस-१८९ आणि गाडीतलं सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यासाठी एआयएस-१९० ही भारतीय मानकं आली आहेत. ती अनुक्रमे संयुक्त राष्ट्रांच्या आर-१५५ आणि आर-१५६ या नियमांशी जुळवलेली आहेत. त्यामुळे गाडीच्या आतल्या जाळ्याची सुरक्षा हा विषय तुमच्या गटाला इतर बहुतेक शहरांपेक्षा जवळचा आहे. प्रयोगाचा बाक स्वस्तात उभा राहतो, आणि त्यावरची प्रत्येक तार तुमची असल्याने कुणाची परवानगी मागावी लागत नाही. मी हाच विषय धरा म्हणेन.

विषय एवढा मोठा ठेवूनही चालणार नाही. त्यातला एकच प्रश्न घ्या: आलेला संदेश खरोखर कुणी पाठवला? पुण्यात या प्रश्नाची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ तारखेला मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम अनेक देशांतल्या एटीएममधून निघाली, कारण पैसे द्यायचे की नाही या विचारणांना बँकेच्या मूळ प्रणालीऐवजी हल्लेखोरांनी घुसवलेला बनावट स्विच (एटीएमच्या विचारणा बँकेपर्यंत नेणारी प्रणाली) होकार देत होता. ठरलेल्या वाटेने आलेलं उत्तर खरंच असणार, असं धरलं गेलं. गाडीतले छोटे संगणक जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती कॅन-बस हेच धरून चालते.

कॅन-बस ही बॉशने १९८६ साली जाहीर केलेली दोन तारांची वाहिनी. तिच्यावरच्या साध्या फ्रेममध्ये, म्हणजे एका संदेशात, ११ बिटांची ओळख आणि जास्तीत जास्त ८ बाइट मजकूर असतो. ती ओळख संदेशाची असते, पाठवणाऱ्याचा पत्ता त्यात कुठेच नसतो. ब्रेकच्या ईसीयूने (ब्रेक सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाने) पाठवायची फ्रेम त्याच तारेवरच्या म्युझिक सिस्टीमनेही पाठवली तर ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली तर लहान आकड्याची ओळख जिंकते, म्हणून शून्य ओळखीच्या फ्रेमचा मारा केला की बाकीच्यांना बोलायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा सूक्ष्म हल्ला चुकांच्या मोजणीवर चालतो. पाठवताना चूक झाली की ईसीयूमधल्या कॅन नियंत्रकाचा गणक ८ ने वाढतो, यशस्वी फ्रेमला १ ने घटतो. २५५ च्या वर गेला की नियंत्रक स्वतःहून बसवरून उतरतो. सलग ३२ वेळा त्याच्या फ्रेममध्ये चूक घडवून आणली की निरोगी ईसीयू गप्प होतो, आणि मग त्याच्या नावाने दुसरा कुणी बोलू शकतो.

बाकावर काय लागेल? मायक्रोकंट्रोलरचे चार बोर्ड आणि प्रत्येकाला कॅन ट्रान्सीव्हर (बोर्डाला बसच्या तारांशी जोडणारी चिप), ऐकण्यासाठी दोन रास्पबेरी पाय हे छोटे संगणक, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय, एक मल्टिमीटर, शक्य असेल तर दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, आणि एका खऱ्या गाडीचा मीटर-कन्सोल. तारा, कनेक्टर, रेझिस्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतात. कन्सोल जुन्या बाजारात दिसेल, पण तो पावती देणाऱ्या वर्कशॉपकडूनच घ्या. चोरीचा भाग प्रयोगशाळेत सापडला तर गटाचं नाव जाईल, आणि शोधनिबंधात त्या भागाचं मूळही सांगता येणार नाही.

जोडणी झाली की वीज बंद ठेवून दोन तारांमधला रोध मोजा. बसच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहम असले पाहिजेत, म्हणजे मीटरवर ६० यावेत. १२० आले तर एक टोक उघडं आहे. ४० आले तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी लागला आहे, ३० म्हणजे चार. एमसीपी-२५१५ ही कॅन नियंत्रकाची चिप असलेल्या बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलांवर १२० ओहम जम्परसह (काढता येणाऱ्या छोट्या जोडणीसह) आधीच असतो आणि चारही मॉड्यूलं जम्परसह जोडली जातात, म्हणून ३० चं दर्शन नेहमीचं आहे. मधल्यांचे जम्पर काढा. मुख्य तारेपासून फाटे ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्या.

याच मॉड्यूलवर आणखी दोन चुका हमखास होतात. पहिली क्रिस्टलची. मॉड्यूलवर बहुधा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपच्या घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झ) असतो आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या सेटिंगमध्ये १६ लिहिलेलं असतं. मग ५०० केबीपीएस (सेकंदाला ५०० हजार बिट) मागितले तरी प्रत्यक्षात २५० मिळतात, नुसत्या चुकांचा पाऊस पडतो आणि विद्यार्थी आठवडाभर तारा बदलत बसतात. धातूच्या डबीवर कोरलेला आकडा भिंगाने वाचा, दोन मिनिटांत सुटतं. दुसरी चूक व्होल्टेजची. मॉड्यूलवरचा टीजेए-१०५० ट्रान्सीव्हर ५ व्होल्टवर चालतो आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. संपूर्ण मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर पायच्या पिनेवर ५ व्होल्ट येऊन ती जळू शकते. ३.३ व्होल्टचा ट्रान्सीव्हर असलेला बोर्ड घ्या किंवा मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर लावा.

एमसीपी-२५१५ मध्ये येणाऱ्या फ्रेमसाठी जागा फक्त दोन आहेत. ५०० केबीपीएसच्या भरलेल्या बसवर ८ बाइटांच्या सेकंदाला सुमारे ४,००० फ्रेम येतात. पायचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं की फ्रेम गळतात, आणि गळती बरोबर हल्ल्याच्या वेळीच वाढते, कारण मारा तेव्हाच होतो. मग विद्यार्थी लिहितो, «हल्ल्याच्या वेळी अस्सल फ्रेम ३० टक्के घटल्या.» त्यांतल्या किती हल्ल्यामुळे घटल्या आणि किती आपल्याच यंत्राने सांडल्या, हे सांगता येत नाही. प्रत्येक प्रयोगाआधी आणि नंतर लिनक्समधल्या कॅन इंटरफेसचे चुकांचे आणि गळतीचे आकडे नोंदवा. पाठवणाऱ्या प्रत्येक बोर्डाकडून फ्रेममध्ये अनुक्रमांक घाला. गळती शून्य आहे हे दाखवायचा तोच एक भरवशाचा मार्ग आहे.

पाठवणाऱ्याची ओळख पटवायचा एक रस्ता त्याच्या घड्याळातून जातो. प्रत्येक ईसीयूचा क्वार्ट्झ किंचित वेगळ्या गतीने चालतो, आणि पुष्कळ फ्रेम ठरावीक कालांतराने जातात. समजा घड्याळ ५० पीपीएमने (दहा लाखांत ५०) चुकतं आणि फ्रेम दर १० मिलिसेकंदांना जाते. एका फ्रेममागे फरक पडतो अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. सॉफ्टवेअरने दिलेला वेळेचा शिक्का त्याच्या कितीतरी पट हलतो. पण तो मागे-पुढे हलतो, आणि घड्याळाची चूक मात्र साचत जाते: १०० सेकंदांत ५ मिलिसेकंद. साचलेल्या फरकाला सरळ रेषा बसवून तिचा उतार घेतला तर पाठवणाऱ्याची खूण मिळते. किती सेकंद ऐकलं म्हणजे उतार पुरेसा स्थिर होतो, आणि तेवढ्या वेळात हल्लेखोर काय करून मोकळा होतो, हा एम.टेक.च्या एका प्रबंधाएवढा स्वच्छ प्रश्न आहे. पुढचा त्याहून कठीण: हल्लेखोराने स्वतःच्या पाठवण्याच्या वेळा मुद्दाम सरकवून दुसऱ्याचा उतार उचलला तर? तो पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला द्या.

इथे खोलीचं तापमान थेट निकालात उतरतं. क्वार्ट्झची गती तापमानाने बदलते. एसीचा कॉम्प्रेसर सुरू-बंद होताना उतार वर-खाली होतो आणि संध्याकाळी एसी बंद केला की वेगळीच रेषा येते. एप्रिलच्या दुपारी आणि जुलैच्या सकाळी घेतलेली मोजमापं शेजारी ठेवून तुलना केली तर ती ईसीयूंची न होता ऋतूंची होईल. बाकाशेजारी तापमान सेन्सर लावा, दर १० सेकंदांनी नोंद घ्या आणि ती नोंद डेटासोबतच साठवा. खऱ्या गाडीत बॉनेटखालचं तापमान याहून खूप जास्त बदलतं, त्यामुळे हा त्रास टाळण्यापेक्षा मोजण्यालायक आहे.

खऱ्या गाडीला जोडायची वेळ आलीच तर इंटरफेस फक्त-ऐकण्याच्या अवस्थेत ठेवा. नाहीतर तुमचा नियंत्रक प्रत्येक फ्रेमला पोचपावती देतो आणि बिटरेट चुकीचा असेल तर चुकीच्या खुणा पाठवून गाडीची बस विस्कटतो. चालत्या गाडीवर काहीही पाठवायचं नाही, मैदानातसुद्धा नाही.

नेहमीच्या इथरनेटचं जाळं लागेलच, त्याबद्दल मोजकं. पॅकेट पकडताना स्विचच्या मिरर पोर्टवर (दुसऱ्या पोर्टच्या वाहतुकीची प्रत देणाऱ्या पोर्टवर) फार विश्वास ठेवू नका. एक गिगाबिटची दुहेरी जोडणी दोन्ही दिशांनी मिळून दोन गिगाबिट वाहू शकते आणि मिरर पोर्ट एकच बाहेर देतो. उरलेली पॅकेटं मुकाट्याने जातात. गंभीर मोजणीला टॅप, म्हणजे तारेतच बसून वाहतुकीची प्रत देणारं उपकरण, घ्या. पकडणाऱ्या यंत्राच्या नेटवर्क कार्डवरचं ऑफलोडिंग बंद करा, नाहीतर १,५०० बाइटांच्या जाळ्यात वीस-वीस हजार बाइटांची पॅकेटं दिसतील, कारण कार्ड आणि कर्नल त्यांना आधीच चिकटवून देतात. पूर्ण भरलेली गिगाबिट वाहतूक तासाला ४५० जीबी होते. फक्त हेडर हवे असतील तर पहिल्या ९६ बाइटांवर कापा.

मालवेअर चालवून बघायचं असेल तर त्यासाठी वेगळा स्विच, वेगळं यंत्र आणि महाविद्यालयाच्या जाळ्याकडे जाणारी एकही तार नको. एकाच स्विचवर व्हीलॅन (सेटिंगने वेगळी केलेली आभासी जाळी) पाडून काम भागेल असं संगणक केंद्र म्हणेल; एका चुकलेल्या ट्रंक-सेटिंगवर सगळ्या विभागांची यंत्रं टांगून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर ज्या वेगाने ४४५ पोर्टवरून पसरला, तो वेग अजूनही पॅच न केलेल्या प्रयोगशाळांमध्ये शक्य आहे. व्हर्च्युअल मशीनचा सामायिक क्लिपबोर्ड आणि फोल्डर बंद ठेवा, आणि नमुन्याला खोटं इंटरनेट दाखवायला आयनेटसिम वापरा.

कायद्याचं काम पहिल्याच महिन्यात उरका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलं तर भरपाई द्यावी लागते, आणि तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे. हेतू संशोधनाचा होता म्हणून वेगळी सूट नाही. विद्यार्थ्याने उत्साहात शहरातल्या कॅमेऱ्यांवर किंवा बँकेच्या संकेतस्थळावर स्कॅनर सोडला तर गट तिथेच संपेल. म्हणून लेखी नियम करा: प्रयोग फक्त आपल्या मालकीच्या यंत्रांवर, किंवा मालकाच्या सहीच्या पत्रावर, ज्यात आयपी पत्ते, तारखा आणि वेळा लिहिल्या आहेत. महाविद्यालयाची खरी वाहतूक पकडायची असेल तर ती माणसांची माहिती आहे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा समोर ठेवूनच पाऊल टाकावं लागेल: मजकूर कापा, आयपी पत्ते पकडतानाच बदला, आणि प्राचार्यांची लेखी मंजुरी घ्या. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना ६ तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची असतात. तुमच्या प्रयोगातून काही बाहेर निसटलं तर कुणाला फोन करायचा हे संगणक केंद्रासोबत आधी ठरवा. ६ तास शोधाशोधीत जातात. एखाद्या उत्पादनात दोष सापडला तर उत्पादकाला आणि सर्ट-इनला कळवा. सर्ट-इनला सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-दोषाची जगभर चालणारी ओळख) देण्याचा अधिकार आहे. प्रसिद्धीआधी ९० दिवस थांबण्याची रीत बरीच रूढ आहे, पण गाडीच्या बाबतीत दुरुस्तीला त्याहून जास्त वेळ लागतो, हे ध्यानात घेऊनच निबंधाची तारीख ठरवा.

विजेचं एक सांगायचं राहिलं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, वळवाच्या पावसात केव्हाही जाते. रात्रभर चालणारी मोजणी यूपीएसवर असते, पण स्विच आणि वेळ देणारं यंत्र भिंतीतल्या सॉकेटवर राहतं, आणि सकाळी डेटात अर्ध्या तासाचं भोक सापडतं. तेही यूपीएसवर घ्या. तीन यंत्रं मिळून ९०० वॉट धरा, २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरेसा होतो.

शेवटी माणसांकडे येतो, कारण असे गट पैशांअभावी क्वचितच मोडतात. ते जूनमध्ये मोडतात. एम.टेक.चा विद्यार्थी दोन वर्षं असतो, प्रबंधाचं खरं काम शेवटच्या वर्षात होतं, आणि तो नोकरीला गेला की त्याच्या लॅपटॉपसोबत स्क्रिप्ट, डेटा, आणि «ते अमुक सेटिंग का केलं होतं» हे सगळं जातं. पुढचा विद्यार्थी पहिले सहा महिने तेच पुन्हा बांधतो. यावर एकच उपाय चालतो: मौखिक परीक्षेला बसण्याआधी सिनियरचा मुख्य आलेख ज्युनियरने कोऱ्या यंत्रावर, फक्त लेखी सूचना वाचून, पुन्हा काढून दाखवायचा. सिनियरने खोलीत असायचं, पण बोलायचं नाही. ज्युनियर जिथे अडेल तिथे सूचनेत ओळ कमी आहे. पहिल्या खेपेला साधारण तीन-चार दिवस लागतील. तेवढे वेळापत्रकात आधीच ठेवा.

त्यासाठी मूळ डेटा फक्त वाचता येईल असा ठेवा, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली तर बदलणारा ठसा) सोबत लिहा, आणि प्रत्येक आलेखासोबत कर्नलची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती, बोर्डाचा क्रमांक आणि खोलीचं तापमान नोंदवा. यूझनिक्स सिक्युरिटीसारख्या परिषदांमध्ये निबंधासोबत त्याचा कोड आणि डेटाही तपासून घेता येतो. ही तयारी तिथे जशीच्या तशी लागते. सुरुवात मात्र दर डिसेंबरला भारतात भरणाऱ्या आयसीआयएसएस या माहिती-सुरक्षेवरच्या परिषदेपासून करा, आणि पहिला निबंध बाकावरचा ठेवा: चार बोर्ड, एक हल्ला, गळती शून्य असल्याचा पुरावा, आणि उताराचा आलेख तापमानासकट.